अभ्यासग्रंथ वाचताना गाडी नेमकी कुठे अडते? (निमित्त : सेन यांचं दुष्काळावरचं पुस्तक)

पानखूण

विकास, राजकारण, विचारांचा इतिहास या विषयांवरची जाडजूड पुस्तकं हौसेने घेतली जातात आणि चाळिसाव्या-पन्नासाव्या पानावर खूण कायमचा मुक्काम ठोकते. याचं खापर वाचकाच्या आळसावर फोडणं सोपं आहे. माझं मत वेगळं : ही पुस्तकं पहिल्या पानापासून सरळ वाचत जाण्यासाठी लिहिलेली नसतात. ती कुणाशी तरी भांडत असतात, आणि भांडण कुणाशी आहे हे कळेपर्यंत वाचणाऱ्याला दम निघत नाही.

हवेत बोलण्यापेक्षा एकच पुस्तक घेऊ. अमर्त्य सेन, 'पॉव्हर्टी अँड फॅमिन्स', १९८१. दहा प्रकरणं. पहिल्यात मूळ कल्पना, म्हणजे अन्नावरची हक्कदारी : माणसाला जे कायदेशीर मार्गांनी मिळवता येतं ते. हे मार्ग चार : विनिमय, स्वतःचं उत्पादन, स्वतःचे श्रम, आणि वारसा किंवा कुणी दिलेलं. दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणात दारिद्र्याची व्याख्या आणि मोजमाप. चौथ्यात उपासमार आणि दुष्काळ, पाचव्यात सिद्धांताची मांडणी. सहा ते नऊ म्हणजे बंगाल, इथिओपिया, साहेल (सहारा वाळवंटाच्या दक्षिणेचा कोरडा पट्टा), बांगलादेश. दहावं समारोपाचं. पुढे चार परिशिष्टं, त्यातली पहिली तीन गणिती.

लोक अडकतात ते दुसऱ्या-तिसऱ्यात. म्हणून माझा क्रम असा : १, ६, ५, ९, ७, मग १०. साहेल नंतर. २ आणि ३ एकदम वेगळं पुस्तक समजून शेवटी. परिशिष्टांपैकी फक्त चौथं, बंगालमधल्या मृत्यूंचं.

मंडळींना प्रश्न : हा क्रम पटतो का? तक्ते वाचायचे की ओलांडायचे? आणि विरोधकांचं लेखन कधी हातात घ्यायचं, आधी की नंतर?

ठोंब्या

"जाडजूड" म्हणून धागा काढला आणि उदाहरण दिलंत अडीचशेच्या आसपास पानांचं. दिवाळी अंक याहून जाड निघतात राव.

कोष्टक

तक्ते ओलांडलेत तर या पुस्तकात फारसं काही उरत नाही. अख्खा युक्तिवाद तक्त्यांत आहे, आजूबाजूचा मजकूर म्हणजे त्यांचं भाष्य.

बंगालचं प्रकरण समोर ठेवून वाचायचं ते असं. सेन ज्या मताशी भांडतायत ते आधी एका ओळीत लिहून काढा : 'अन्न कमी पडलं म्हणून माणसं मेली.' मग पुरवठ्याच्या तक्त्यावर या. तिथे दिसतं की १९४३चा पुरवठा आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा सुमारे ५ टक्केच कमी होता आणि १९४१पेक्षा जवळजवळ १३ टक्के जास्त. १९४१ साली दुष्काळ नव्हता. या दोन आकड्यांवर पेन्सिलीने खूण करा, पुढचं सगळं प्रकरण त्यांवर उभं आहे.

दुसरा थांबा किमतींचा. कलकत्त्याला घाऊक तांदूळ डिसेंबर १९४२च्या मध्याला मणाला १३-१४ रुपये, मार्च १९४३मध्ये २१, मेअखेर ३०च्या वर, २० ऑगस्टला ३७. आठ महिन्यांत अडीच पटीहून जास्त.

तिसरा थांबा सगळ्यात महत्त्वाचा आणि लोक तोच गाळतात : मजुरी, मासे, दूध, न्हाव्याची हजामत यांच्या बदल्यात किती तांदूळ मिळायचा त्याचे निर्देशांक. इथे कागद घेऊन स्वतः एक गणित करायचं. समजा मजुरी १०० वरून १२५ झाली आणि तांदूळ १०० वरून ४००. मग मजुरीचं तांदळातलं मोल १२५ भागिले ४००, म्हणजे जेमतेम ३१. (हे आकडे मी मानलेले आहेत, पुस्तकातले नाहीत.) मजुरी वाढूनही माणूस पूर्वीच्या एक तृतीयांश भातावर आला, आणि त्यासाठी बाजारातला तांदूळ फारसा कमी व्हावा लागला नाही. हे एकदा हाताने केलं की पाचवं प्रकरण अर्ध्या वेळात वाचून होतं.

आगंतुक

मणाला ३७ रुपये म्हणजे किलोला किती? मण ४० शेरांचा एवढंच माहीत आहे.

कोष्टक

@आगंतुक, इथेच बरेच जण घसरतात. बंगाली मण सुमारे ८२.३ पौंडांचा, म्हणजे ३७.३ किलो. म्हणजे किलोला रुपया पडला. जुना मुंबई मण मात्र २८ पौंडांचा. मुंबई इलाख्याची जुनी कागदपत्रं आणि बंगालचे आकडे शेजारी ठेवून तुलना केली की उत्तर जवळजवळ तिपटीने चुकतं. कुठल्याही जुन्या आर्थिक ग्रंथात पहिलं काम म्हणजे वजन-मापांची टीप शोधणं. बहुतेक वेळा ती प्रस्तावनेच्या शेवटी किंवा पहिल्या तक्त्याखाली बारीक टायपात असते.

दुसरं घसरण्याचं ठिकाण म्हणजे वर्ष. अमन भात हिवाळ्यात कापलं जातं, म्हणजे १९४२अखेरचं पीक मुख्यतः १९४३मध्ये खाल्लं जातं. १६ ऑक्टोबर १९४२चं मेदिनीपूरचं चक्रीवादळ त्यामुळे १९४३च्या पुरवठ्यात मोजायचं. हे डोक्यात नसेल तर तक्ता उलटा वाटतो.

उलटतपासणी

तक्ते वाचाच, पण तक्त्यांच्या खालची माती पण बघा. बंगालमध्ये कायमधारा पद्धत (जमीनदारांनी भरायचा सारा कायमचा ठरलेला) असल्यामुळे गावपातळीवर पिकाची नोंद ठेवणारी महसुली यंत्रणा आपल्या तलाठ्यासारखी नव्हती. पीक अंदाजाने सांगितलं जायचं. पुरवठ्यातली ५ टक्क्यांची घट त्या अंदाजाच्या चुकीतच बुडून जाऊ शकते. पीटर बोब्रिक यांनी १९८६मध्ये 'फूड पॉलिसी' या नियतकालिकात नेमका हाच हल्ला चढवला : तूट खरी आणि मोठी होती, सेन यांनी कच्च्या आकड्यांवर इमारत बांधली. सेन यांनी त्याच वर्षी त्याच नियतकालिकात उत्तर दिलं. १९४२च्या भातावरच्या करप्यासारख्या बुरशीजन्य रोगाचा मुद्दाही नंतरच्या अभ्यासकांनी जोरात मांडला.

पानखूण यांच्या तिसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर : विरोधक मध्ये वाचा. सहावं प्रकरण संपलं की पाचव्याकडे वळण्याआधी हा वाद वाचायचा. पुस्तक संपल्यावर वाचलात तर तोवर लेखकाचे वकील झालेले असता.

पानखूण

@उलटतपासणी, हरकत आहे. सहावं वाचून लगेच बोब्रिक वाचणाऱ्याला वाटेल की सगळा सिद्धांत बंगालच्या पुरवठ्यावर टांगलेला आहे. तसं नाही. बांगलादेशच्या प्रकरणात १९७४ हे आसपासच्या वर्षांतलं माणशी सर्वाधिक धान्याचं वर्ष दिसतं, आणि दुष्काळ त्याच साली पडला. इथिओपियात वोलो प्रांताची तऱ्हा आणखी वेगळी : पीक बुडालं, लोकांच्या हातात पैसा उरला नाही, देसी या तिथल्या शहराच्या बाजारात भाव फारसे चढलेच नाहीत आणि थोडं धान्य तर प्रांताबाहेर गेलं. सेन बंगालला तेजीचा दुष्काळ म्हणतात आणि वोलोला मंदीचा. दोन्ही बघितल्याशिवाय टीकेचं वजन कळत नाही. म्हणून निदान ९ आणि ७ होऊ द्या.

उलटतपासणी

ठीक, ९ पर्यंत ताणू. पण त्यानंतर बोब्रिक पुरे नाही, अ‍ॅलेक्स द वाल पण हवेत. त्यांचं सुदानमधल्या दारफुरवरचं १९८९चं पुस्तक दुसऱ्या बाजूने वार करतं. १९८४-८५मध्ये तिथली माणसं बियाणं आणि जनावरं वाचवण्यासाठी जाणूनबुजून उपाशी राहिली, आणि मृत्यू भुकेपेक्षा रोगराईने जास्त झाले, हे त्यांचं म्हणणं. सेन यांच्या मांडणीत माणूस हातातलं सगळं मोडून अन्न घेईल असं गृहीत दिसतं. द वाल यांचा माणूस पुढच्या पेरणीचा हिशेब करतो. हे वाचून सेन यांचं चौथं परिशिष्ट परत काढायचं. बंगालमध्येही मृत्यूंचा मोठा भाग हिवताप, पटकी, देवी यांचा होता आणि उपासमारीचा कळस ओसरल्यावर आला, हे सेन स्वतःच तिथे दाखवतात. सरकारी चौकशी आयोगाचा अंदाज सुमारे १५ लाख, सेन यांचा ३० लाखांच्या घरात. फरक एवढा का, तर मोजणी कुठल्या महिन्यात थांबवायची आणि नोंदीतली गळती किती धरायची यामुळे.

चिंचोळी

वाचनखूण साठवली. (धाग्याची. पुस्तकाची खूण पान ४३वर आहे.)

डेक्कनवाला

दुसरं-तिसरं प्रकरण 'वेगळं पुस्तक' म्हणून शेवटी ढकलायला माझा सक्त विरोध. ती प्रकरणं रुक्ष वाटतात कारण आपण ती उदाहरणाशिवाय वाचतो, आणि उदाहरण तर पुण्यातच पडलंय.

वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ, गोखले संस्था. 'पॉव्हर्टी इन इंडिया' हा त्यांचा अभ्यास जानेवारी १९७१मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'च्या दोन अंकांत आला. निकष दिवसाला माणशी २२५० कॅलरी. आकडे राष्ट्रीय नमुना पाहणीचे, १९६०-६१चे. निष्कर्ष : महिना माणशी खर्च ग्रामीण भागात १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये ही किमान पातळी धरली, तर खेड्यातले सुमारे ४० टक्के आणि शहरातले सुमारे ५० टक्के लोक तिच्या खाली.

आता वाचताना चूक कुठे होते बघा. लोक समजतात की दांडेकर-रथांनी २२५० कॅलरींची किंमत काढली. तसं केलेलं नाही. कुठल्या खर्च-पातळीवरच्या लोकांच्या आहारात प्रत्यक्षात २२५० कॅलरी असतात ते बघितलं, आणि त्यांचा सगळा खर्च, कपडे-तेल-विडीकाडीसकट, ही दारिद्र्यरेषा धरली. एवढं लक्षात आलं की सेन यांच्या तिसऱ्या प्रकरणातली दोन पद्धतींची तुलना, म्हणजे थेट उपभोग बघणं आणि उत्पन्नाची रेषा आखणं, आपोआप उलगडते.

पुढचा अंक त्याहून रंगतदार. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे म्हणाले, एकाच निरोगी माणसाची गरजसुद्धा दिवसागणिक बदलते, त्यामुळे सरासरीच्या खाली दिसणारा प्रत्येक जण उपाशी नाही. रेषा सरासरीच्या बरीच खाली ओढायला हवी. दांडेकरांना हे मुळीच मान्य नव्हतं. दोघे पुण्यातले, भांडण छापील, वर्षानुवर्षं चाललेलं. तिसरं प्रकरण या वादाच्या जोडीने वाचा, झोप येणार नाही.

ठोंब्या

२२५० कॅलरीत तर्रीसकट मिसळ बसते का? सुखात्मे म्हणणार, आज खा, उद्या कमी खा.

डेक्कनवाला

@ठोंब्या, गंमत बाजूला, पण सुखात्म्यांची टिंगल अशीच व्हायची आणि त्यामुळे त्यांचा संख्याशास्त्रीय मुद्दा न वाचताच लोक मोकळे झाले.

आणखी एक, वर्तमानपत्री आकडे वाचणाऱ्यांसाठी. २०११मध्ये सरकारी दारिद्र्यरेषेवरून '३२ रुपयांत दिवस काढा' म्हणून गदारोळ झाला. पुढे तेंडुलकर पद्धतीने २०११-१२ची रेषा आली ती ग्रामीण ८१६ आणि शहरी १००० रुपये, महिना आणि माणशी. दिवसावर आणलं की २७ आणि ३३ रुपये दिसतात, पाच जणांच्या घरावर नेलं की ४०८० आणि ५०००. आकडा तोच, छापणारा कोणता भाजक वापरतो त्यावर संताप किंवा समाधान ठरतं. तेंडुलकर समितीने (२००९) कॅलरीचा खुंटा सोडून दिला होता, हेही बहुतेकांच्या लक्षात नसतं. रेषेबद्दलचं कुठलंही पुस्तक उघडलं की चार गोष्टी समासात लिहा : माणशी की कुटुंब, दिवस की महिना, कुठल्या वर्षाचे भाव, आणि पाहणीत आठवणीचा काळ (किती दिवसांचा खर्च आठवून सांगायचा) ७ दिवस की ३० दिवस. शेवटच्या एका बाबीमुळे १९९९-२०००च्या पाहणीवर एवढा वाद झाला की त्यावर स्वतंत्र ग्रंथ निघाला.

शतपत्री

अर्थशास्त्रवाल्यांनी धागा बळकावला. धाग्यात विचारांचा इतिहासही आहे म्हणून थोडं आडवळण घेतो.

या पुस्तकांत अडचण वेगळी असते. वाक्यं सोपी असतात, म्हणून वाचक भराभर वाचतो आणि आजचे अर्थ तिथे कोंबतो. विचारांचे इतिहासकार क्वेंटिन स्किनर यांनी १९६९च्या लेखात या सवयींची यादीच दिली आहे : विखुरलेल्या चार वाक्यांतून 'सिद्धांत' काढणं, लेखक आयुष्यभर एकच गोष्ट म्हणत होता असं धरून त्याला सुसंगत करून टाकणं, आणि पुढे घडलेलं त्याच्या मनात आधीच होतं असं समजणं.

घरचं उदाहरण. दादाभाई नौरोजींचं 'पॉव्हर्टी अँड अनब्रिटिश रूल इन इंडिया' १९०१चं, म्हणून लोक संपत्तीच्या गळतीचा विचार १९०१चा धरतात. पण ते संकलन आहे. त्यातलं दारिद्र्यावरचं मुख्य लेखन १८७६चं, आणि त्यांनी हा विषय १८६७मध्येच लंडनला मांडला होता. म्हणजे आतला प्रत्येक लेख वेगळ्या वर्षी, वेगळ्या श्रोत्यांपुढे. अशा पुस्तकात अनुक्रमणिकेवरच प्रत्येक लेखासमोर मूळ साल लिहायचं आणि सालाच्या क्रमाने वाचायचं.

त्याच्याही आधी, १८४१मध्ये भास्कर पांडुरंग तर्खडकरांनी 'बॉम्बे गॅझेट'ला पत्रं लिहून इंग्रजी राज्यात देश कसा नागवला जातोय ते तिखट शब्दांत मांडलं. १८४३मध्ये रामकृष्ण विश्वनाथ यांचं मराठी पुस्तक आलं.

आगंतुक

म्हणजे दादाभाईंच्या आधी श्रेय आपल्या मराठी माणसाला! हे शाळेत का शिकवत नाहीत?

शतपत्री

@आगंतुक, वर जी तिसरी सवय सांगितली, तिचं उदाहरण इतक्या लगेच मिळेल असं वाटलं नव्हतं. :) तर्खडकर टोपणनावाने एका इंग्रजी वर्तमानपत्राच्या वाचकांना चिमटे काढत होते. दादाभाई सरकारी आकड्यांतून आयात-निर्यातीचा ताळेबंद मांडून सरकारकडूनच उत्तर मागत होते. तक्रार जवळची आहे, काम वेगळं आहे. 'पहिला कोण' हा प्रश्न विचारला की दोघांचंही म्हणणं हातातून निसटतं. विचारायचं ते हे : हे कुणाला उद्देशून आहे, त्या वेळी समोर कोणता वाद चालू होता, आणि लेखक त्यात नेमकं काय करतोय?

गावकूस

स्किनर मान्य, पण एका मर्यादेपर्यंत. ही पद्धत ताणली की फुले फक्त १८७३चे राहतात आणि आज त्यांच्याशी बोलायची सोय उरत नाही. 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या गुलामगिरी संपवणाऱ्या लोकांना आहे. ती मुद्दाम काळाच्या आणि देशाच्या पलीकडे हात पुढे करते. लेखकालाच आपला संदर्भ ओलांडायचा असेल तर आपण त्याला परत त्यात का कोंडायचं?

शतपत्री

मुद्दा चांगला आहे. पण अर्पणपत्रिकेची ताकद कळायला १८६५ला अमेरिकेत गुलामी संपून आठच वर्षं झाली होती हे माहीत असावं लागतं. संदर्भ कोंडत नाही, आवाज वाढवतो. 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) घ्या. जातीवरचं पुस्तक म्हणून वाचणारे मधला भाग चाळून टाकतात. तिथे ताली-बंधारे, डोंगरावरून वाहून येणारं खत, जनावरांची वाण, कालव्याच्या पाण्याची वाटणी असं सगळं आहे. विकासावरचं पुस्तकच आहे ते. आजचं लेबल लावून वाचलं की नेमकी हीच पानं दिसेनाशी होतात.

गावकूस

यावर वाद नाही. त्याच न्यायाने आंबेडकरांचा १९१८चा लहान शेतजमिनींवरचा निबंधही विकासाच्या कपाटात हवा. तुकडे जोडल्याने शेती सुधारेल हा तेव्हाचा सार्वत्रिक समज. ते म्हणतात, जमिनीचं आकारमान भांडवल आणि श्रमाच्या प्रमाणात बघा. शेतीवरची जादा माणसं उद्योगांकडे नेल्याशिवाय तुकडे जोडून भागणार नाही. महाराष्ट्र शासनाच्या समग्र लेखनाच्या पहिल्या खंडात तो आहे, 'जातिनिर्मूलन'वाला खंड. रुपयाच्या प्रश्नावरचं १९२३चं पुस्तक सहाव्यात. खंड जालावर मोफत उतरवता येतात.

मुळाक्षर

उतरवण्यावरून थोडं हमालीचं काम :

पीडीएफचा पानक्रमांक आणि छापील पानक्रमांक यांत फरक असतो, कारण प्रस्तावनेची रोमन आकड्यांची पानंही मोजली जातात. पहिल्याच बैठकीत फरक काढून पहिल्या पानावर लिहा, उदा. 'छापील + १६'. सूचीतली पानं मग शोधत बसावी लागत नाहीत.

टिपा पुस्तकाच्या शेवटी असतील तर दोन खुणा ठेवा. पण प्रत्येक आकड्यावर मागे पळू नका. प्रकरण संपलं की सगळ्या टिपा सलग वाचा. नुसता संदर्भ असेल ती सोडा, दोन ओळींपेक्षा मोठी असेल ती वाचा. लेखकाची खरी भांडणं तिथे सापडतात.

वीकलीचे जुने अंक जेस्टोरवर (अभ्यास-नियतकालिकांचा जालावरचा संग्रह) आहेत. संस्थेचं सदस्यत्व नसेल तरी वैयक्तिक खातं उघडून महिन्याला १०० लेख पडद्यावर मोफत वाचता येतात, फक्त उतरवून घेता येत नाहीत. दांडेकर-रथ आणि सुखात्मे दोघेही त्यात निघतील.

पुस्तकाआधी त्याची दोन परीक्षणं वाचायची पद्धत आहे, त्यात एक भर : परीक्षण पुस्तकानंतर पाच-सात वर्षांनी लिहिलेलं मिळालं तर जास्त चांगलं. पहिल्या वर्षातली बरीच परीक्षणं मलपृष्ठावर शोभतील अशी असतात.

चिंचोळी

हे सगळं करून एका प्रकरणाला किती वेळ द्यायचा? नोकरीवाल्यांनी विचारलंय.

कोष्टक

तक्त्यांचं प्रकरण असेल तर तासाला १०-१२ पानं, नुसत्या गद्याचं असेल तर २५. बंगालच्या प्रकरणाला दोन संध्याकाळी लागतात. पहिलीत फक्त तक्ते आणि त्यांचे मथळे, दुसरीत मजकूर. उलटं केलं की आकडे लेखकाच्या चष्म्यातून दिसतात.

गावकूस

मूळ प्रश्नाकडे येतो, क्रमाच्या. माझ्या मते मराठी वाचकाने सेन यांच्या आधी एक गोष्ट वाचावी : अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ यांनी १९७०-७३च्या महाराष्ट्रातल्या दुष्काळाचा केलेला अभ्यास. बंगालची उलटी बाजू आहे ती. इथे पीक खरोखर बुडालं, राज्यातलं माणशी धान्य खूप खाली गेलं, तरी मोठ्या प्रमाणावर भूकबळी गेले नाहीत. का? दुष्काळी कामांवर रोख मजुरी मिळत होती. मे १९७३मध्ये जवळजवळ ५० लाख माणसं खडी फोडणं, पाझर तलाव, रस्ते, नालाबंडिंग अशा कामांवर होती. धान्य कमी, पण हातात मजुरी, म्हणून असलेलं धान्य जास्त सारखं वाटलं गेलं आणि बाहेरूनही आत आलं. त्या दुष्काळातली मिलो (आयात केलेली ज्वारी) आणि सुकडी (कोरडा पोषक आहार) ज्यांना आठवतात त्यांना हक्कदारी म्हणजे काय हे व्याख्येशिवाय कळतं.

त्यातूनच वि. स. पागे यांची रोजगार हमी, १९७७चा कायदा, २६ जानेवारी १९७९पासून अंमल. आधी ही केस, मग बंगाल.

उलटतपासणी

चांगली सूचना. मात्र द्रेझ वाचताना हेही विचारा की कामं एवढी पसरली ती निव्वळ प्रशासनाच्या शहाणपणामुळे की मोर्चे, घेराव आणि विधानसभेतल्या गोंधळामुळे. अर्थशास्त्रज्ञांच्या लेखनात राजकारण एका परिच्छेदात आटोपतं, तिथे राज्यशास्त्रवाल्यांचं लेखन जोडीला लागतं.

पानखूण

सुधारित क्रम लिहून ठेवतो : आधी द्रेझ यांचं महाराष्ट्र. मग सेन १, ६ (तक्ते आधी), ९, ७. त्यानंतर बोब्रिक आणि सेन यांचं उत्तर. मग ५. मग २-३ दांडेकर, रथ, सुखात्म्यांसोबत. चौथं परिशिष्ट द वाल यांच्यासोबत. १० शेवटी. साहेलचं प्रकरण कुठे बसवायचं ते अजून ठरत नाही.

डेक्कनवाला

साहेल ७ला जोडून. इथिओपियातल्या अफार पशुपालकांची जी गत, तीच तिथल्या गुरं पाळणाऱ्यांची : जनावरं मरतातच, वर उरलेल्या जनावरांचा धान्यातला भाव पडतो. कोष्टक यांचं मजुरीचं गणित तिथे गुरांवर करून बघा.

ठोंब्या

पान ४३वाल्यांचं काय ठरलं?

चिंचोळी

खूण काढून सहाव्या प्रकरणात ठेवली आहे. मण ३७.३ किलोचा, हे पेन्सिलीने वर लिहिलं.